बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा रिपोर्ट रखडलाय, सारखी धडधड होते. मन शांत कसं ठेवू?

तुम्ही लिहिलंय की ऑफर लेटर हातात आहे, राजीनामा टाकलाय, नोटीस पिरियड निम्मा संपला आणि बीजीव्हीचा, म्हणजे नवी कंपनी एजन्सीकडून आपली माहिती तपासून घेते त्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा, रिपोर्ट काही येत नाही. वडिलांच्या आजारपणामुळे मधे वर्षभराचा गॅप आहे आणि तो फॉर्ममध्ये लिहिला म्हणून मित्र नावं ठेवतायत, 'दाखवायलाच नको होता' म्हणतायत. बाकी प्रश्न मी वाचून पुढे गेले असते. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले.

तुमचे मित्र मूर्ख आहेत. राग मानू नका.

मन शांत ठेवण्याचं आधी सांगून टाकते. ते शांत होत नाही. रिपोर्ट येईपर्यंत असंच राहणार, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. एजन्सीचं पोर्टल दिवसातून एकदा उघडा, तेही संध्याकाळी. शनिवार-रविवारी उघडूच नका. विद्यापीठ बंद, जुन्या कंपनीतला एचआर सुट्टीवर, हलणार काय तिथे? 'इन प्रोग्रेस' दिसतंय म्हणजे कुणी तुमची फाईल घेऊन बसलंय असं समजू नका. ती कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत पडलेली असते. 'इन्सफिशियन्सी' दिसलं तरी हातपाय गाळायचे नाहीत, एखादा कागद कमी पडलाय एवढाच त्याचा अर्थ. मात्र तो त्याच दिवशी चढवा, कारण तुमचा कागद येईपर्यंतचे दिवस बऱ्याच एजन्स्या आपल्या मुदतीत धरतच नाहीत. आणि जुन्या मॅनेजरला 'काही फोन आला का हो' म्हणून रोज विचारू नका, त्याला नसलेली शंका यायची.

झालं. आता माझं ऐका.

मी पुण्यात आयटीत आहे, टेस्टिंगमध्ये. मधे दोनेक वर्षं नोकरी सोडली होती. सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली. आधी बाई ठेवून बघितली, मग दुसरी, मग कळलं की घरातलं कुणीतरी लागणार. नवऱ्याच्या पगारावर फ्लॅटचा हप्ता चालू होता, म्हणून मी सोडली. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी 'राहू दे, मी बघतो' असंही म्हटलं नाही. मोठे दीर मुंबईला असतात. ते महिन्या-दोन महिन्यांतून रविवारी यायचे, आईचा हात हातात घेऊन बसायचे, फळं आणायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

सासूबाई गेल्यावर काही महिन्यांनी मी पुन्हा अर्ज करायला लागले. मुलाखती झाल्या, एका ठिकाणी जमलं, ऑफर आली आणि बीजीव्हीचा फॉर्म आला. त्यात नोकऱ्यांच्या तारखा भरल्या की मधली मोकळी जागा सिस्टीम स्वतःच लाल करते आणि कारण विचारते. त्या रविवारी भाऊजी आलेले होते. माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हे काय लिहितेस? 'सासूबाईंची शुश्रूषा'? कोण घेईल तुला? माझ्या मित्राची ठाण्याला कंपनी आहे, त्याच्याकडून एक्सपिरियन्स लेटर आणतो. क्वालिटी कन्सल्टंट म्हणून दाखव दोन वर्षं. दहा माणसांची कंपनी आहे, पीएफ लागूच होत नाही, कोण बघायला येतंय?"

पीएफचं ते बरोबर बोलत होते. वीसपेक्षा कमी माणसं असली तर कंपनीला पीएफ सक्तीचा नसतो आणि अशी बनावट पत्रं देणारे नेमकी तीच पळवाट वापरतात, म्हणजे पीएफची नोंद का नाही याला उत्तर तयार. पण व्हेरिफिकेशनवाले काल जन्मलेले नसतात. पीएफ नाही म्हटलं की ते बँक स्टेटमेंटवरचा पगार मागतात, फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला मागतात, आयकर खात्याच्या २६एएस विवरणात तो कर, म्हणजे टीडीएस, दिसतो का बघतात. 'पगार रोखीत होता' म्हणालात की संपलंच. वर कंपनीच्या पत्त्यावर माणूस जातो आणि तिथे झेरॉक्सचं दुकान निघतं. संशयास्पद कंपन्यांच्या नावांची यादीही मोठ्या कंपन्या बाळगून असतात.

पण मी भाऊजींना यातलं काहीच म्हटलं नाही. मी म्हटलं, "भाऊजी, ती दोन वर्षं मी काय करत होते ते तुम्हाला माहीत नाही का?" ते म्हणाले, "अगं, ते घरातलं झालं. कंपनीला त्याचं काय?"

घरातलं झालं! त्यांच्या स्वतःच्या आईला मी दर दोन तासांनी कुशीवर वळवत होते, पाठीला जखम होऊ नये म्हणून. नळीतून जाईल इतकं पातळ करून भरवत होते. फिजिओथेरपीवाल्याने शिकवलेले हाताचे व्यायाम रोज दोनदा. औषधांचं वेळापत्रक मी एक्सेलमध्ये ठेवलं होतं, डॉक्टरांनी त्याची प्रिंट मागून घेतली होती. आणि या सगळ्याच्या जागी ठाण्यातल्या कुठल्या तरी गाळ्यातली कन्सल्टंटगिरी लिहायची? मी 'घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या दीर्घ आजारपणामुळे पूर्णवेळ काळजी' असं इंग्रजीत लिहिलं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जोडलं आणि सबमिट दाबलं. भाऊजी चहा न घेता उठले. त्यावरून घरात बरंच झालं. नवऱ्याचं म्हणणं, 'दादाने भल्यासाठीच सांगितलं'. असेल. पण भलं माझं करायचं तर खरी जागा त्या दोन वर्षांत होती.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि तिथे तुमची दशा मला अगदी ठाऊक आहे. काही दिवसांनी पोर्टलवर एक चेक, म्हणजे तपासणीतला एक मुद्दा, पिवळा झाला, म्हणजे काहीतरी जुळत नव्हतं. माझ्या पोटात गोळा. घरात सगळ्यांना वाटलं, गॅपच नडला. भाऊजींना कुणीतरी कळवलंही असणार, कारण 'मी म्हटलं होतं' असा मेसेज आला.

पिवळं निघालं नाव!

लग्न झालेल्या बायकांनो, हे नीट वाचा. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. आधारवर सगळं सासरचं. आणि पीएफमध्ये कुणा महाभागाने माझं नाव, नवऱ्याचं मधलं नाव आणि माहेरचं आडनाव अशी मिसळ करून ठेवलेली. एजन्सीतून एका मुलाचा फोन आला, दिल्लीकडचा असावा. "मॅम, ये तीन अलग-अलग लोग हैं क्या?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, तिन्ही मीच." त्याला मॅरेज सर्टिफिकेट पाठवलं. राजपत्रात नाव बदलल्याचं कात्रण आहे का, म्हणाला. ते मी केलेलंच नव्हतं, कारण लग्नानंतर नाव बदलायला मॅरेज सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी चालतं. शेवटी वकिलाकडून 'या तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून दिलं.

तेवढ्यावर भागलं नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन. "मॅम, डिग्री पे युनिव्हर्सिटी ऑफ पुणे है, आपने सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी लिखा है." त्याला २०१४ साली झालेला नामविस्तार फोनवर समजावला. गुणी होता पोरगा, ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं. त्याच्याजागी एखादा आळशी असता तर त्याने शांतपणे 'विसंगती' असा शेरा मारून फाईल पुढे ढकलली असती. तुमचीही पदवी २०१४ आधीची असेल तर फॉर्ममध्ये दोन्ही नावं लिहा.

पत्त्याची तपासणी तर आमच्या सोसायटीत अजून गाजते. आता बहुतेक एजन्स्या मोबाईलवर लिंक पाठवतात, लोकेशन चालू करून आपणच दाराचा फोटो काढून द्यायचा. माझ्या वेळी माणूस आला होता, भर दुपारी, हेल्मेट कोपरात अडकवून. दारावर सासऱ्यांच्या नावाची पाटी. "मॅडम, पाटीवर तुमचं नाव नाही." मी म्हटलं, माझं नाव पाटीवर यायला अजून दोन पिढ्या लागतील, तुम्ही विजेचं बिल बघा. बिलही सासऱ्यांच्या नावाचं. मग त्याने समोरच्या काकूंची बेल वाजवली. इथे कोण राहतं, किती वर्षं, स्वभाव कसा. काकूंनी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, अगदी सासूबाईंच्या आजारपणासकट, आणि सही केली. संध्याकाळी मला जिन्यात गाठून हळूच, "कुणाचं स्थळ बघायला आला होता गं? मुलगा ओळखीतला आहे का?"

त्याच्या कागदावर 'शेजाऱ्यांकडून खात्री' असा रकाना होता. ठाण्यातल्या कंपनीचं पत्र लावलं असतं आणि काकूंनी 'दोन वर्षं घरीच होती, सासूचं सगळं हिनेच केलं' असं सांगितलं असतं, तर? भाऊजींच्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मते शेजारी फक्त दिवाळीला असतात.

याच सुमारास माझी पहिली कंपनीही अडली. ती मधल्या काळात दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली होती आणि नव्या मालकांकडे जुन्या लोकांच्या फायलीच नव्हत्या. 'अनेबल टू व्हेरिफाय'. म्हणजे खोटं निघालं असं नाही, फक्त विचारायला कुणी उरलं नाही. रिलिव्हिंग लेटर, फॉर्म १६, पगार जमा झाल्याचं स्टेटमेंट दिलं, त्यांनी ते धरलं. म्हणून सांगते, कंपनी कितीही मोठी असो, शेवटच्या दिवशी कागद हातात घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पीएफच्या साइटवर जाऊन सर्व्हिस हिस्टरी बघा. जुन्या कंपनीने 'डेट ऑफ एक्झिट' भरलेली नसेल तर तुम्ही अजून तिथेच काम करताय असं दिसतं आणि समोरच्याला वाटतं, हा दोन दगडांवर पाय ठेवून आहे. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपली आपल्याला भरता येते. वाट बघण्याच्या दिवसांत करायला हे उत्तम काम आहे, ध्यानधारणेपेक्षा बरं.

रिपोर्ट आला तेव्हा गॅप हिरवा होता. एका शब्दाचीही विचारणा नाही. पिवळे राहिलेले दोन, नाव आणि पहिली कंपनी, एचआरने शेरा मारून मान्य केले. भाऊजींना मी स्क्रीनशॉट पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आता तुमच्यापुरतं. तुमचा गॅप वडिलांसाठी होता आणि तो तुम्ही खरा लिहिलाय, म्हणजे त्या चेकची काळजी सोडा. अडलंय ते बहुधा दुसरीकडेच, विद्यापीठात किंवा जुन्या एचआरच्या इनबॉक्समध्ये. तुम्हाला खरी भीती गॅपची नसून राजीनाम्याची असायला हवी. बीजीव्ही होईपर्यंत राजीनामा देऊ नये असं सगळे शहाणे सांगतात, पण तीन-तीन महिन्यांच्या नोटीस पिरियडमध्ये ते कुणाला जमतं? नव्या एचआरला आजच मेल टाका, फोन नको, लेखी पाहिजे: माझ्या शेवटच्या दिवसापर्यंत रिपोर्ट आला नाही तर रुजू होण्याची तारीख पुढे जाईल की रिपोर्टच्या अटीवर रुजू करून घ्याल? बऱ्याच कंपन्या घेतात, काही चेक तर रुजू झाल्यावरच पूर्ण होतात. पण तसं उत्तर हातात असू द्या. टाळाटाळ झाली तर आत्ताच्या मॅनेजरशी बोला. राजीनामा मागे घ्यायचा तर शेवटच्या दिवसाआधीच, तोही त्याच्या मर्जीने.

हे सगळं खासगी नोकरीचं. सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून होते, तिचा वेग आणि कायदा दोन्ही वेगळे. तिथे साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये, जुनी पोलीस केस लपवली तर नोकरी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर लिहिलंय. किरकोळ केस लपवली असेल तर सरकार दुर्लक्ष करू शकतं, पण सगळं खरं सांगितलं तरी उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायचा अधिकार त्याला राहतोच. म्हणजे खरं लिहिलं की सगळं हिरवंच होतं असं मी म्हणत नाही. माझं झालं, कारण माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं. तुमच्याकडे वडिलांचे कागद असतील तर आत्ताच शोधून ठेवा. आणि नाव फार सर्रास असेल, म्हणजे पाटील, जाधव, शिंदे, शेख, तर कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये भलत्याच माणसाची केस तुमच्या नावाशी जुळू शकते. तसं झालं तर केसचा क्रमांक आणि त्यातला पत्ता मागा, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दाखवून खोडून काढा.

आणि मित्रांचं ऐकून फॉर्ममध्ये कुठे कुणाचं पत्र चिकटवलं असेल, जे प्रश्नात लिहायचं राहिलं असेल, तर रिपोर्ट येण्याआधी एचआरला स्वतः सांगा. ऑफर कदाचित जाईल. पण आधी कुणाला तरी विचारून घेऊ म्हणून घरातल्या भाऊजींना फोन लावू नका.