टाचेमागचं दुखणं आरामाने का जात नाही?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४६, बँकेत नोकरी, राहणार पुणे. दर रविवारी सिंहगड चढायचे आणि साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी चालू होती. गेले सात-आठ महिने उजव्या टाचेच्या मागे, जिथे बुटाची कड लागते ना अगदी तिथेच दुखतंय, सकाळी उठल्यावर पहिली पावलं तर लंगडतच. महिनाभर पूर्ण आराम केला, बरं वाटलं, गड चढले की परत तेच. यूट्यूबवर बघून पायरीवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम करतेय तर अजूनच ठणकतं. सोनोग्राफीत अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड दोरी) हाडाला जुळतो तिथे सूज आणि बर्सायटिस, म्हणजे तिथल्या छोट्या पिशवीची सूज, आलंय. एका डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय, घेऊ का? आणि सातारा जमेल का?

उत्तर: पहिली गोष्ट, तो पायरीवरचा व्यायाम आजपासून बंद. तो स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला, दिवसाला १८० वेळा टाच खाली सोडायची असा भन्नाट प्रकार आहे आणि टेंडनच्या मधल्या भागात, म्हणजे टाचेच्या वर चार बोटं दुखत असेल तर फार छान चालतो. पण २००३ च्या एका अभ्यासात मधल्या भागाच्या दुखण्यात ८९ टक्के लोकांना गुण आला आणि तुमच्यासारख्या हाडापाशी दुखणाऱ्यांत फक्त ३२ टक्के! कारण सरळ आहे. टेंडन आणि टाचेचं हाड यांच्यामध्ये बर्सा नावाची छोटी पातळ पिशवी असते, टाच खाली गेली आणि पंजा वर आला की ती दोघांच्या मध्ये चेपली जाते. सुजलेली पिशवी तुम्ही रोज दोनदा चेपताय, ठणकणारच की.

आता हेच घरात बघा. उकिडवं बसून भाजी निवडणं, भारतीय पद्धतीचा संडास, सूर्यनमस्कारात पर्वतासनाला टाच जमिनीला टेकवायचा हट्ट, गडाची चढण, या सगळ्यात तेच चेपणं होतं. पोटरीचं स्ट्रेचिंगसुद्धा सध्या नको, ताणल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पाय वसूल करतो. दोन्ही बुटांत एक-दीड सेंटीमीटरची हील पॅड टाका (एकाच पायात टाकली तर कंबर कुरकुरते), मागची कड कडक असलेले बूट बाजूला ठेवा आणि घरात फरशीवर अनवाणी फिरू नका.

आरामाचं म्हणाल तर आरामाने सूज आणि दुखणं उतरतं पण टेंडनची ताकदही उतरते, मग गड तोच आणि टेंडन आधीपेक्षा लेचापेचा. त्याला भार द्यावाच लागतो, फक्त सपाट जमिनीवर. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला, ४५ सेकंद धरा, असं पाचदा. ते सोपं वाटायला लागलं की तीन सेकंदात वर, तीन सेकंदात खाली, टाच फरशीला टेकली की बास, १५ चे तीन सेट, एक दिवसाआड. मग एका पायावर, मग पाठीला सॅक आणि सॅकमध्ये हळूहळू वाढवत वजन. खुर्चीत बसून गुडघ्यावर आट्याची १० किलोची पिशवी ठेवून टाच उचलणं हे पण करा, पोटरीचा आतला सोलियस स्नायू त्यानेच कामाला लागतो आणि सगळे नेमका तोच विसरतात. करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यापेक्षा जास्त लंगडलात तर वजन कमी करा.

इंजेक्शन स्टिरॉइडचं असेल तर टेंडनमध्ये अजिबात नको, टेंडन तुटायची भीती असते. फक्त बर्सामध्ये, सोनोग्राफीत बघत काही जण देतात, पण मी तरी आधी तीन महिने व्यायाम नीट करायला सांगेन. आणि जुलाब किंवा लघवीच्या इन्फेक्शनला कोणी ऑफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन लिहून दिलं तर टेंडनचं दुखणं आहे हे आवर्जून सांगा, या गोळ्यांनी टेंडनला इजा होऊ शकते, अमेरिकेत २००८ पासून त्यांवर तसा ठळक इशारा छापतात. मेडिकलमधून स्वतःच आणून तर मुळीच खाऊ नका.

दोन्ही टाचा दुखत असतील, सकाळी कंबर अर्धा तास आखडत असेल किंवा सोरायसिस असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, तिथे मूळ वेगळं असतं. चालताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं होऊन कट्‌कन आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

साताऱ्याचं यंदा सोडा. घाटाची चढण म्हणजे तुमच्या टाचेला सगळ्यात वाईट, आणि या दुखण्याला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागतं. दुखऱ्या पायावर सलग वीसेक वेळा टाच उचलता आली, न दुखता, की सपाट रस्त्यावर एक दिवसाआड चालत-पळत सुरू करा. सिंहगड त्यानंतर.