डेंग्यूची साथ आणि जिवाला लागलेला घोर

प्रश्न : मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत तीन घरांत डेंग्यू निघालाय. माझा आठ वर्षांचा मुलगा ठणठणीत आहे, तरी मी दिवसभर त्याला थर्मामीटर लावत असते. गल्लीच्या ग्रुपवर कुणाच्या प्लेटलेट किती, एवढंच चालतं. रात्री दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही.

उत्तर : थर्मामीटर कपाटात ठेवा. ताप मोजला की घटकाभर बरं वाटतं, मग मन पुन्हा खात्री मागतं आणि दर खेपेला ती सवय पक्की होत जाते. अंग गरम लागलं किंवा मूल मलूल दिसलं, तरच मोजा. ग्रुप म्यूट करून सकाळ-संध्याकाळ एकेकदा बघा.

दुसऱ्यांच्या प्लेटलेटवरून तर काहीच ठरत नाही. डेंग्यूत त्या उतरतात आणि बहुतेकांच्या आपोआप चढतात. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर असताना सहसा बाहेरून द्याव्या लागत नाहीत. खरी नजर ठेवायची ती ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. फ्रिजवर एक कागद चिकटवा : पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, फार सुस्ती किंवा तगमग. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की दिवस, थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं रुग्णालय. तापाला डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉलच. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे एकदा ठरलं की रोज नव्याने विचार करावा लागत नाही.

काळजीला हाताचं काम द्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा : बॅरल, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आतून घासायचं. हा डास दिवसा चावतो, तेव्हा शाळेला जाताना पोराला पूर्ण बाह्यांचा शर्ट.

झोपेसाठी दुपारी चारनंतर चहा बंद (अवघड आहे, माहीत आहे). संध्याकाळी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा आणि मनातली सगळी भीती लिहून काढा. अंथरुणात आठवलं तर ‘उद्या वहीत’. श्वास चार मोजत नाकाने आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. जोर लावून छाती भरलीत तर उलट चक्कर येते. श्वास हळू सोडण्यावरच भर द्या. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पण मोबाइल नको. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण तुटलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे, चोवीस तास आणि मराठीतही.

प्रश्न : सासूबाई डेंग्यूतून उठल्या, पण शेजारी घरात पाऊल टाकत नाहीत. त्या रडतात.

उत्तर : डेंग्यू शिवण्याने, भांड्याने, खोकल्याने पसरत नाही, डासच लागतो. शेजाऱ्यांना तुम्हीच चहाला बोलवा. आणि अंगातला थकवा, उदासपणा काही आठवडे राहू शकतो, एवढं सासूबाईंच्या कानावर घाला. बऱ्याच जणांना तोच मोठा आजार वाटायला लागतो.