दोन सेंटिमीटरची पावडर

"एवढं शिकलेलं माणूस, फसलं कसं?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला हल्ली वरचेवर लोक येतात. कधी निवृत्त गुरुजींनी मोबाइलवरची जाहिरात बघून गुडघ्याचं तेल मागवलेलं असतं, कधी सुनेनं केस उगवायचं काहीतरी. विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो, आणि ज्याच्याबद्दल विचारणं चाललंय ते माणूस शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून बसलेलं असतं. माझं उत्तर एका मुलाच्या हकिगतीतूनच सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. सांगायला त्याची हरकत नाही.

आकाश, वय 21, केज तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात. हंगामात घरी आजी आणि तो. पोलीस भरतीची तयारी चाललेली. त्याला अंबाजोगाईला माझ्याकडे मामा घेऊन आले. "मॅडम, पोरगं ग्राउंडला जाईना, कुणाशी बोलंना. मुकादमाच्या उचलीतले पैसे बहिणीनं घरखर्चाला ठिवले होते, ते कुठं गेले तेबी सांगंना." मामांना व्यसनाचा संशय होता.

मामा बाहेर जाऊन बसल्यावरही बराच वेळ आकाश काही बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "माझी उंची बसत नाही."

भरतीत पुरुष शिपायाला 165 सेंटिमीटर उंची लागते. त्याची 163 च्या किंचित वर. धावण्याची वेळ सरावानं सुधारते, गोळा लांब जातो, छातीही फुगते. या दोन सेंटिमीटरचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं आणि कुणाला सांगवतही नव्हतं. आईबाप फडात कोयता चालवतायत ते पोरगं पोलीस होईल म्हणून. त्यांना फोनवर हे कसं सांगणार? मग एका रात्री त्यानं मोबाइललाच विचारलं: उंची कशी वाढवायची. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या फोनवर उंचीच्याच जाहिराती यायला लागल्या.

ती जाहिरात मी त्याला सावकाश, क्रमानं सांगायला लावली. माझ्या कामातला हा सगळ्यात उपयोगी भाग. 'मूर्खपणा केला' असं म्हणून माणूस जे एका वाक्यात मिटवतो, ते उलगडलं की त्यात मूर्खपणा फारसा सापडत नाही.

आधी खाकी वर्दीतला एक तरुण. "माझीबी उंची बसत नव्हती," हे त्याचं पहिलं वाक्य. (वर्दी भाड्यानंही मिळते, हे आकाशला नंतर सुचलं.) मग पांढऱ्या कोटातले डॉक्टर. खाली पावडरीच्या डब्याची किंमत, 4999 वर काट मारून 1499, शेजारी उलट धावणारं घड्याळ आणि 'फक्त 7 डबे शिल्लक'. मी त्याला तेच पान पुन्हा उघडायला लावलं. घड्याळ परत पहिल्यापासून सुरू झालं, डबे अजून सातच. पण रात्री एक वाजता, एकट्यानं बघताना, पान पुन्हा उघडून कोण बघतं? शिवाय पैसे पार्सल हातात आल्यावर द्यायचे होते, म्हणजे धोका नाही असं त्याला वाटलं. पार्सल फोडायच्या आधीच पैसे द्यावे लागतात, हे पोस्टमन दारात आल्यावर लक्षात आलं.

नंतर पावडर विकणाऱ्यांकडून एका मॅडमचा फोन. वय किती, वडिलांची उंची किती, झोप कशी, आधी काय करून बघितलं. इतक्या आस्थेनं त्याची उंची कुणी विचारलीच नव्हती. वीस मिनिटं माणूस स्वतःबद्दल बोलला की समोरचा परका राहत नाही. आकाश म्हणाला, "त्या लई चांगल्या बोलत होत्या." हे सांगताना तो मला सर्वांत जास्त लाजलेला दिसला.

आणि खरी हुशारी पुढेच आहे. मॅडमनी सांगितलं, पहिलं माप संध्याकाळी ग्राउंडवरून आल्यावर घ्या, दुसरं आठ दिवसांनी सकाळी उठल्या उठल्या. त्यानं दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खुणा केल्या. जवळजवळ एक सेंटिमीटर वाढ! आता आपल्याच डोळ्यांवर अविश्वास कसा दाखवायचा? त्यानं 3200 चा पुढचा कोर्स मागवला, कारण 'मध्येच थांबलात तर आलेली उंचीही जाईल' असं बजावलं होतं.

आपल्या मणक्यांमधल्या गाद्या दिवसभर उभं राहून, धावून दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात. त्यामुळे कुणीही माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो. मी त्याला पावडर बंद करून दोन्ही वेळची मापं घ्यायला सांगितली. नुसतं समजावण्यानं जे झालं नसतं ते त्या खुणांनी केलं. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, मुलांमध्ये त्या साधारण सोळा ते अठराच्या दरम्यान बंद होतात, त्यानंतर कुठलीही पावडर हाड लांबवत नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्याला ते आधीच पटलेलं होतं.

कायद्याचं मात्र त्याला नवल वाटलं. जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा 1954 चा आहे आणि ज्या व्याधी-अवस्थांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही त्यांच्या यादीत माणसाची उंचीही आहे. खोटी घाई दाखवणं हे 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गैरप्रकार म्हणून नोंदलेलं आहे. "हे तर चालू घडामोडीत येईल," म्हणून त्यानं वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी वही उघडली होती.

उंची वाढली नाही तेव्हा त्यानं तक्रारीसाठी फोन केला. रिफंड मिळेल, आधी 999 प्रोसेसिंग फी भरा, असं उत्तर आलं. तीही त्यानं यूपीआयनं भरली. इथपर्यंत घरात कुणाला पत्ता नाही. पहिल्या डब्यानंतर आजीला जरी बोलला असता, तरी पुढचे दोन व्यवहार झाले नसते असं मला वाटतं. ही मंडळी पहिल्या खेपेला आशेवर कमावतात आणि पुढच्या खेपांना आपल्या लाजेवर. म्हणून मामांनी "मोबाइलच काढून घेतो ह्याचा" म्हटल्यावर मी नको म्हटलं. फोन गेला असता, लपवायची सवय राहिली असती.

आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, तक्रार नोंदवली. उशीर झाला होता. लगेच कळवलं तर पैसे वाटेत गोठवता येतात, इथे महिना उलटला होता. ते परत आले नाहीत. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही त्यानं स्वतः फोन केला. आईशी तो व्हिडिओ कॉलवर बोलला. मामांनी नंतर सांगितलं की ती आधी रडली आणि मग म्हणाली, "दोन बोटांसाठी एवढं?" वनरक्षकाला पुरुषांची अट 163 आहे, तलाठ्याला उंचीची अटच नाही, हे तो आता स्वतःच मित्रांना सांगतो.

शेवटच्या भेटीला मामा एकटेच आत आले. खिशातून प्लगसारखा एक डबा काढला. भिंतीत खोचला की लाइट बिल निम्मं होतं, अशी जाहिरात होती. घरचा मीटर वापरलेले युनिट मोजतो, असला डबा खोचून ते कमी होत नाहीत, हे मी सांगितलं. मामा जरा वेळ डब्याकडं बघत बसले.

"पोराला नका सांगू मॅडम."

मी म्हटलं, "मी नाही सांगत. तुम्हीच सांगा, आज गाडीवरून जाताना."