थोडं शिल्लक ठेवून उठ

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. पहिल्या आठवड्यात रोज बारा सूर्यनमस्कार आणि आसनं मिळून पाऊण तास, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात मॅट कपाटामागे. आणि त्यावरून तू निकाल लावून मोकळी, की ‘मी मुळातच आळशी आहे’. अगं, योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी साधनेच्या आड येणाऱ्या नऊ गोष्टी मोजल्यात, त्यात आळस हा फक्त एक. आजारपण आहे, संशय आहे, आणि गाठलेली पायरी टिकून न राहणं हीसुद्धा त्यात वेगळी नोंदवलेली आहे. म्हणजे हे होतंच, असं गृहीत धरूनच ती यादी केलेली आहे. तेव्हा स्वतःला दूषणं देणं बंद कर. घोळ दुसरीकडेच आहे: तू सुरुवातच पाऊण तासाने केलीस.

रोज पाऊण तास मोकळा सापडेल असं आयुष्य फार थोड्यांचं असतं. तू पंधरा मिनिटं धर. तीही नाही जमली त्या दिवशी ताडासनात उभी राहा, दहा श्वास मोज आणि कामाला लाग. तो दिवस ‘झाला’ असाच मांडायचा. अभ्यास पक्का व्हायला योगसूत्रांत तीन अटी आहेत: दीर्घकाळ, अखंड आणि आदराने. किती मिनिटं, किती आसनं, याचा तिथे उल्लेखही नाही. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथात तर योग बुडवणाऱ्या सहा गोष्टींत अति खाण्याच्या आणि बडबडीच्या पंगतीला अति श्रम आणि नियमांचा हट्ट हेही बसवलेत. (ही यादी काही क्लासच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लावावी, असं मला नेहमी वाटतं.) तेव्हा दोन घास कमी खाऊन उठावं तसं, ‘अजून एक करू या’ वाटत असतानाच थांब.

वेळेचं म्हणशील तर पाळता येईल ती चांगली. सकाळी अंग आखडलेलं असतं. शिवाय रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्या उठल्या खोल पुढे वाकायचं नाही. अर्धा-पाऊण तास हिंडूफिरू दे. संध्याकाळी अंग सैल असतं, डोकं मात्र शिणलेलं. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ देत, एवढं सोडलं तर याचा फार खल करू नकोस.

‘तीच ती आसनं, कंटाळा येतो’ असं तू लिहिलंस, त्यावर मात्र जरा बोलायचंय. आसन तेच असतं म्हणूनच तर आजचं शरीर कालच्यासारखं नाही, हे कळतं. पश्चिमोत्तानासन घे, म्हणजे पाय पुढे लांब करून बसायचं आणि पुढे झुकायचं. हात पायांच्या अंगठ्यांपर्यंत पोचतात का, हा प्रश्न काही आठवडे विसरून जा. बसायला खाली चादरीची जाड घडी घे, गुडघे हवे तितके वाकव, म्हणजे पाठीला पोक न येता खुब्यातून झुकता येईल. यात कमीपणा वाटायचं कारण नाही, योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी ठोकळे, पट्टे, खुर्च्या अभ्यासात आणल्या त्या याचसाठी. आता नुसतं बघत राहा. श्वास आत येताना पाठ किंचित उचलली जाते, बाहेर जाताना खाली निवते. मांडीच्या मागे मध्यावर ताण आला तर ठीक. तोच बैठकीच्या हाडापाशी टोचल्यासारखा जाणवला तर लगेच मागे ये. तिथे मांडीच्या स्नायूंची कंडरा (स्नायूचं दोरीसारखं टोक) हाडाला जोडलेली असते आणि एकदा दुखावली की बरी व्हायला महिनेच्या महिने घेते.

आणखी एक गंमत करून बघ. स्वस्थ बसून मनगटाची नाडी धर आणि सावकाश श्वास घे-सोड. घेताना ठोके थोडे भरभर पडतात, सोडताना संथ होतात. तुझ्या वयात हा फरक बोटांना सहज कळतो. लांब सुटलेल्या श्वासाने जीव शांत का होतो, ते कुणी सांगायची गरजच उरत नाही. मला अजूनही याचं नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर मॅटकडे मला हे असलं कुतूहलच ओढून नेतं, शिस्त नव्हे.

वेळ कमी पडला तर एखादं आसन गाळ, शवासन गाळू नकोस. अंग गार पडतं, म्हणून वर काहीतरी पांघर. झोप लागली तर लागू दे. रोजच लागायला लागली तर मात्र रात्री किती वाजता झोपतेस ते मला कळव.

फोनवरच्या फोटोंशी तुलना करतेस, ते सोड. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा माणसागणिक वेगळी असते. काहींना पद्मासन कधीच बसत नाही, त्याला सरावाचा इलाज नाही.

शेवटी शीर्षासनाचं विचारलंयस. घाई नको. अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीला, कंबर वर) खांदे कानांपासून लांब ठेवून मिनिटभर निवांत श्वास घेता आला, की मग पाहू. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल किंवा मानेचं दुखणं असेल तर त्या वाटेला जायचंच नाही. आणि शिकायचं ते शिकवणारं माणूस शेजारी उभं असताना, व्हिडिओ लावून नव्हे. तोवर पाय भिंतीला उभे टेकवून पाच मिनिटं पडून राहा. हे आज रात्रीही जमेल, मॅट कपाटामागून काढायचीसुद्धा गरज नाही.

अनेक आशीर्वाद.