‘विश्वास करतो’ नाही हो, ‘विश्वास ठेवतो’!

प्रश्न आपल्या इंदूरच्याच एका ताईंचा आहे. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाची ख्रिस्ती मित्राशी खडाजंगी झाली. मुलगा म्हणाला, ‘मी गॉडवर विश्वास नाही करत, आधी प्रमाण दे’, मित्र म्हणाला, ‘विश्वास म्हणजे प्रमाण नसताना मानणंच’. ताई विचारतात, इथे ‘प्रमाण’ बरोबर की ‘पुरावा’, आणि ख्रिस्ती मंडळी ‘श्रद्धा’ न म्हणता ‘विश्वास’च का म्हणतात?

प्रमाणाचं आधी उरकतो. मराठीत मिठाचं प्रमाण असतं, प्रमाण भाषा असते, आणि कोर्टात जो लागतो तो पुरावा. पुराव्याला प्रमाण म्हणणं ही हिंदीची सवय, आपल्याकडे इंदुरात राजवाड्यापासून छावणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेली. संस्कृत दर्शनांत प्रमाण म्हणजे ज्ञान होण्याचं साधन, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, चार मानतात (प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द), चार्वाक एकटं प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना कळतं तेवढंच, मानतो. म्हणजे मुलाने ‘प्रमाण दे’ म्हटलं तर समोरच्याने आधी ‘यातलं कुठलं?’ असं विचारायला हवं, आणि बहुतेकांना हवं असतं ते चार्वाकवालं. ‘सबूत’ पण इथे सर्रास चालतं, ते अरबी, त्याचीच भावंडं ‘शाबीत’ आणि ‘साबूत’ मराठीत कधीचीच नांदतायत, असो.

मला खरा त्रास होतो तो ‘विश्वास करतो’ने. रोज ऐकतो, लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, अगदी मराठी शिकवणाऱ्यांच्या तोंडून सुद्धा. हिंदीत ‘विश्वास करना’ बरोबर आहे, तिथे खुशाल करा. पण मराठीत विश्वास बसतो, ठेवतात, धरतात, टाकतात, उडतो, आणि या प्रत्येक क्रियापदाचं काम वेगळं आहे. पुरावा समोर आला की विश्वास ‘बसतो’, आपोआप, आपल्याला काही करावं लागत नाही. ‘ठेवतो’ मधे मात्र आपण स्वतः काहीतरी देऊन टाकतो, डॉक्टरवर ठेवतो, मित्रावर ठेवतो, पुढे काय होईल ते अजून दिसलेलं नसतं. एकदा ‘करतो’ म्हटलं की हा सगळा फरक सपाट झाला. त्या दोघा पोरांचं भांडण मला यातच दिसतं, एक जण ‘माझा विश्वास बसव’ म्हणतोय, दुसरा ‘मी विश्वास ठेवलाय’ म्हणतोय, आणि दोघं एकच शब्द वापरतायत म्हणून दोघांनाही वाटतंय की समोरचा ऐकतच नाही. बायबलमधे योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा, येशूचाच शिष्य, येशू मेलेल्यांतून उठला हे ऐकून हेच म्हणतो की खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय माझा काही विश्वास बसणार नाही, आणि येशू त्याला रागावून हाकलत नाही, बोट घाल म्हणतो. ही गोष्ट संशयखोरांना ठोकायला वापरणाऱ्यांनी तेवढं वाक्य परत वाचावं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. ‘श्रद्धा’ म्हणजे श्रत् अधिक धा, आणि धा म्हणजे ठेवणे! म्हणजे आपण ‘विश्वास ठेवतो’ म्हणतो तेव्हा जे ‘ठेवणं’ आहे ते श्रद्धेच्या पोटात पहिल्यापासून आहे. ऋग्वेदात तर हे दोन तुकडे सुटे सापडतात. दुसऱ्या मंडलातलं बारावं सूक्त, गृत्समद ऋषीचं, पाचवी ऋचा, तिथे कवी म्हणतो ‘यं स्मा पृच्छन्ति कुह सेति’, ज्याच्याबद्दल लोक विचारतात की कुठे आहे तो, ‘उतेमाहुर्नैषो अस्तीत्येनम्’, आणि तो नाहीच असंही म्हणतात, आणि शेवटी ‘श्रदस्मै धत्त’, त्याच्या ठायी श्रत् ठेवा, लोकहो, तो इंद्र आहे. श्रत् आणि धत्त यांच्या मधे ‘अस्मै’ येऊन बसलंय बघा. देव नाही म्हणणारा माणूस आणि श्रद्धा एकाच ऋचेत! आणि कवी नुसतं ‘मुकाट्याने माना’ म्हणत नाहीये, आधीच्या ऋचांमधे त्याने डळमळणारी पृथ्वी कोणी घट्ट केली, अही नावाच्या सर्पाला मारून सात नद्या कोणी सोडल्या हे सगळं मांडलंय, पुरावेच देतोय तो, आपल्याला पटोत न पटोत. आठव्या मंडलात तर ‘क ईं ददर्श’, कोणी पाहिलाय त्याला, असा रोकडा सवाल आहे. तेव्हा ‘श्रद्धा म्हणजे पुराव्याशिवाय मानणं’ ही व्याख्या जे ठोकून देतात, भाविक असोत की नास्तिक, त्यांनी ती शब्दातून काढलेली नाही, आपल्या मनातून काढलीय.

आणि ख्रिस्ती वाचकांना आवडेल असं, चर्चमधल्या लॅटिन मतांगिकाराचा, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या पाठाचा, पहिला शब्द ‘क्रेदो’ हा याच श्रद्धेचा सख्खा भाऊ आहे, तोच पहिला तुकडा, तोच ‘ठेवणे’. इथपर्यंत सगळे भाषाशास्त्री एकत्र आहेत. पुढे बरेच जण सांगतात की श्रत् म्हणजे हृदय, म्हणून श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणे. ऐकायला गोड आहे पण मला मान्य नाही. संस्कृतात हृदयाच्या शब्दाला सुरुवातीला ह आहे आणि इथे श आहे, ‘ते काहीतरी झालं असेल’ म्हणून हे सोडून देता येत नाही, व्युत्पत्तीत एकेका अक्षराचा हिशोब द्यावा लागतो. आपल्या निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, सत्याची सहा नावं दिलीयत, बट्, श्रत्, सत्रा, अद्धा, इत्था, ऋतम्, त्यात श्रत् सरळ आहे. मी निघंटूच्या बाजूचा. सत्य म्हणून ठेवणे, ती श्रद्धा. ज्यांना ‘हृदय’ हवंय त्यांनी आधी त्या ह-श चं उत्तर द्यावं.

बायबलच्या नव्या करारात विश्वासासाठी ग्रीक शब्द आहे ‘पिस्तिस’. त्याचा अर्थ विश्वास हे सगळे सांगतात, पण अ‍ॅरिस्टॉटल वक्तृत्वावर लिहितो तेव्हा पिस्तिस म्हणजे श्रोत्याला पटवायची साधनं, जवळजवळ आपला पुरावाच. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल अथेन्सच्या तत्त्वज्ञांपुढे बोलतो तिथे शेवटी हाच शब्द ग्वाही या अर्थाने आलाय, की देवाने येशूला मेलेल्यांतून उठवून सगळ्यांना ग्वाही दिली. ती ग्वाही मानायची की नाही हा वेगळा वाद, तिथेही काहींनी टिंगल केली आणि काही म्हणाले परत ऐकू. पण मित्राच्या ‘प्रमाण नसताना मानणंच’ला मूळ भाषेतून आधार मिळत नाही. उलट याकोबाच्या पत्रात म्हटलंय की देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. नुसतं ‘आहे’ म्हणून पटलं तर काय होतं, ते तिथे आहे.

ख्रिस्ती मराठीत ‘विश्वास’ का रुळला याबद्दल माझं एक मत आहे, कोणी खोडून दाखवलं तर ऐकेन. श्रद्धेपासून श्राद्ध झालं, आणि मराठी माणसाच्या कानात श्रद्धा म्हटलं की मागे पिंड, दर्भ, ब्राह्मणभोजन उभं राहतं, भाषांतर करणाऱ्यांना ती सावली नको होती. विश्वास मात्र कोणाचाच नव्हता, वि अधिक श्वस्, मोकळा श्वास घेणं, निर्धास्त होणं, सावकाराच्या दुकानापासून देवघरापर्यंत सगळीकडे चालणारा. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीने तिसराच रस्ता धरला, तिथे श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात आणि आशेला ‘भरवंसो’. आपला भरवसा तिकडे आशा झाला! भावार्थ आपल्याकडे कवितेखाली लिहायचा उरला, हे मला फार लागतं, कारण भाव, भाविक, भावार्थ ही रांग मराठीत संतांनी लावलेली आहे आणि ‘भावार्थरामायण’ हे नाव एकनाथांनी उगाच नाही दिलं. यावर वेगळं लिहायला हवं, ज्यांच्या घरी ख्रिस्ती कोकणी बोलतात त्यांनी ‘भावार्थ’ रोजच्या कुठल्या वाक्यात येतो ते जरूर कळवा.