गीत सुचत नाही, प्रार्थनाही होत नाही

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहते. आमच्या मंडळीच्या मराठी उपासनेत पेटी वाजवते आणि सणासाठी नवी गीते रचते. गेल्या नाताळापासून काहीच सुचत नाही, पहाटे तीनला जाग येते, प्रार्थनेत मन लागत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या लिहून दिल्या आहेत. घरचे म्हणतात, विश्वास कमी पडला. एक कविमित्र म्हणतात, दुःख गेले की कविताही जाईल. गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : घ्याव्यात. कविमित्रांचे म्हणणे ऐकायला भारदस्त वाटते, म्हणूनच ते अधिक घातक आहे. अशा वेळी विल्यम कूपर (१७३१–१८००) या नैराश्याने ग्रासलेल्या इंग्रज कवीचा दाखला हमखास दिला जातो. पण त्याच्या आयुष्यातील सनावळी नेमके उलटे सांगते. ऑल्नी गावचे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) जॉन न्यूटन यांच्याबरोबर त्याने गीते रचली, ती आजाराच्या दोन झटक्यांमधल्या बऱ्या काळात. १७७३ च्या जानेवारीत तो पुन्हा कोसळला आणि त्याची गीतरचना थांबली. न्यूटन यांनी त्याला उपदेश करून वाटेला लावले नाही, तर वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे पाळलेले ससे, बागकाम आणि सुतारकाम यांत मन रमवत तो हळूहळू सावरला, तेव्हा कुठे कविता परतली आणि त्याचे गाजलेले दीर्घकाव्य १७८५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र देवाने आपल्याला टाकले आहे, ही त्याची समजूत मरेपर्यंत गेली नाही. तेव्हा आजच्यासारखी औषधेही नव्हती.

घरच्यांना बायबलमधील राजांचे पहिले पुस्तक, अध्याय १९ वाचायला द्यावे. एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याच्या विश्वासाची झडती घेत नाही; भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. मन न लागणे हे या आजाराचे लक्षण आहे, त्याला पाप समजू नये. स्वतःचे शब्द सुचत नसतील, तर हे स्तोत्र नुसते वाचावे.

गोळ्यांचा गुण दिसायला साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याभरात निराश होऊ नये. काहींना औषधाने भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे, मात्रा किंवा औषध बदलता येते. मनानेच गोळ्या बंद करू नयेत. जगूच नये असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून रुग्णालय गाठावे; 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांकही दिवसरात्र विनाशुल्क चालू असतो.

पेटी जमेल तेव्हा वाजवावी. येत्या नाताळाला नवे गीत देईन, असे मात्र पाळकसाहेबांनाही कबूल करू नये. गीतांच्या पुस्तकात जुनी गीते भरपूर आहेत.