०.२२ च्या पिस्तुलाला ०.३२ चा संच : आधी परवान्यात नोंद, मग जोडणी

प्रश्न : मी नाशिक शहरात राहतो आणि २५ मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करतो. माझ्याकडे परदेशी बनावटीचे ०.२२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) स्पर्धेचे पिस्तूल असून त्याचा परवाना माझ्या नावावर आहे. आता सेंटर फायर, म्हणजे ०.३२ सारख्या मोठ्या बोअरच्या पिस्तुलाच्या प्रकारातही उतरण्याचा विचार आहे. नेमबाजी सोडलेल्या एका ज्येष्ठ मित्रांनी माझ्याच पिस्तुलाच्या फ्रेमवर बसणारा ०.३२ चा संच, म्हणजे बॅरल, बोल्ट आणि मॅगझिन, मला विकत देऊ केला आहे. ‘हे पिस्तूल नव्हे, सुटे भाग आहेत, याला परवाना लागत नाही,’ असे ते म्हणतात. संच आणि सोबत दिलेली थोडी काडतुसे सध्या माझ्या कपाटात आहेत. संच मी अजून जोडलेला नाही. दुसऱ्या एका परिचितांनी अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपमधून जुन्या बॅरलचेच भोक वाढवून घेण्याचा स्वस्त मार्ग सुचवला आहे. मी काय करावे?

उत्तर : आपण संच अजून जोडलेला नाही ही आपल्या प्रकरणातील सर्वांत चांगली बाब आहे. ती तशीच राहू द्यावी. मात्र ‘जोडला नाही म्हणजे काही घडलेच नाही’ असे आपण समजत असाल, तर तसे नाही.

आपल्या मित्रांचे म्हणणे नेमबाजांच्या वर्तुळात सर्रास ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात अग्निशस्त्राचे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश केलेला आहे. त्यामुळे ज्या बॅरलमधून गोळी जाणार आणि ज्या बोल्टमधील पिन काडतुसावर आदळणार, ते भाग सुटे असले तरी कायद्याच्या नजरेत अग्निशस्त्रच ठरतात. कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र किंवा दारूगोळा परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि आपला परवाना ०.२२ बोअरच्या, विशिष्ट क्रमांकाच्या एका पिस्तुलाचा आहे. ०.३२ चा संच त्यात नाही, ०.३२ ची काडतुसेही नाहीत. काडतुसांच्या बाबतीत तर ‘सुटे भाग’ हा युक्तिवादही उपलब्ध नाही. एक जिवंत काडतूस असले तरी कलम ३ लागू होते.

‘वस्तू त्यांची आहे, माझ्याकडे नुसती ठेवली आहे’ या बचावावरही फार विसंबू नये. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, ताबा म्हणजे केवळ वस्तू हातात असणे नव्हे, तर वस्तूची जाणीव आणि तिच्यावरील नियंत्रण महत्त्वाचे असते. आपल्या कपाटात काय आहे हे आपल्याला माहीत आहे आणि कपाटाची किल्लीही आपल्याकडेच आहे. कलम २५ च्या पोटकलम (१ब) नुसार अशा ताब्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. पुरेशी व विशेष कारणे निकालपत्रात नोंदवून न्यायालय त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. शिवाय कलम ३ खालील खटल्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, हे खरे. पण ही मंजुरी खटला उभा राहण्यासाठी हवी असते, अटक त्यामुळे थांबत नाही, कारण या कायद्याखालील गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येणारे आहेत.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे बोअर बदलण्याचा. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, हस्तांतरण किंवा दुरुस्ती करता येत नाही, आणि त्याच ओळीत शस्त्राचे रूपांतर करण्यासही मनाई आहे. निर्मात्याने मुळातच दोन बोअरसाठी आखलेल्या फ्रेमवर तयार संच चढवणे हे ‘रूपांतर’ आहे का, यावर वकिलाला चांगला वाद घालता येईल. वॉल्थर जीएसपी किंवा पार्डिनी यांसारखी स्पर्धेची पिस्तुले पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की, त्यांत वरचा भाग उतरवून दुसऱ्या बोअरचा भाग बसवण्याची सोय कारखान्यानेच केलेली असते. माझे मत असे की, दोन्ही बोअर परवान्यावर नोंदलेले असतील, तर संच बदलणे हा परवानाप्राप्त शस्त्राचा वापरच आहे, त्याला रूपांतर म्हणण्यात अर्थ नाही. परंतु नोंद नसताना हाच वाद आपल्याला गुन्हा दाखल झाल्यावर घालावा लागेल, आणि कलम ५ च्या भंगासाठी २०१९ नंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. एवढी जोखीम शब्दार्थाच्या वादावर घ्यावी, असा सल्ला मी देणार नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्येही काही शब्द घातले गेले. पूर्वी ते कलम बॅरल आखूड करण्यापुरते आणि नकली शस्त्राचे खरे शस्त्र करण्यापुरते होते. आता शस्त्र नियम, २०१६ मधील एका प्रवर्गाच्या शस्त्राचे दुसऱ्या प्रवर्गाच्या शस्त्रात रूपांतर करण्यासही परवाना लागतो. ०.२२ आणि ०.३२ ही दोन्ही पिस्तुले अप्रतिबंधित, म्हणजे सर्वसाधारण परवान्यावर ठेवता येणाऱ्या बोअरची असून नियमांच्या पहिल्या अनुसूचीत एकाच प्रवर्गात बसतात. त्यामुळे कलम ६ चा हा भाग आपल्याला लागू होत नाही असे म्हणता येईल. ९ मिमीच्या बाबतीत मात्र हे बदलते. ९ मिमीची सर्व्हिस काडतुसे ज्यात बसतात व उडतात असे कोणतेही पिस्तूल अनुसूचीच्या पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित प्रवर्गात जाते. हे मुद्दाम लिहितो, कारण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत सेंटर फायर प्रकारासाठी ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासाची मुभा आहे आणि ९ मिमी त्या मर्यादेत बसतो. तो आकडा वाचून एखादा होतकरू नेमबाज ९ मिमीच्या संचाची चौकशी करू लागतो. खेळाचे नियमपुस्तक स्पर्धेत काय चालेल ते सांगते, देशात काय बाळगता येईल ते नाही. प्रतिबंधित शस्त्राच्या ताब्यासाठी किमान ७ आणि कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. सुदैवाने आपल्याला त्या वाटेला जाण्याचे कारणच नाही. ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँगची सपाट तोंडाची गोळी या प्रकारात सर्वाधिक वापरली जाते.

वर्कशॉपचा मार्ग मात्र पूर्णपणे विसरावा. ०.२२ चे काडतूस रिमफायर आहे, म्हणजे पिन त्याच्या कडेवर आदळते. ०.३२ चे सेंटर फायर आहे, म्हणजे पिन मध्यावर आदळावी लागते. त्यामुळे नुसते भोक वाढवून काहीच साधत नाही, आणि बोल्टपर्यंत फेरफार केले तर ते काम सरळ सरळ कलम ५ मध्ये बसते. तसे झाल्यास लेथवर उभा असलेला माणूस आपल्यासोबत आरोपी होईल. त्या कामात बॅरलवरील क्रमांक किंवा निर्मात्याची खूण घासली गेली, तर कलम ८ ची वेगळी भर पडेल. शस्त्राच्या कामासाठी परवानाधारक बंदूक कारागीर असतात. औद्योगिक वसाहतीतील टर्नर कितीही कुशल असला, तरी हे काम त्याचे नाही.

कपाटातील संचाचे काय करावे, हे तो आज कोणाच्या परवान्यावर आहे यावर ठरेल. मित्रांच्या परवान्यावर त्याची नोंद असेल, तर त्यांनी स्वतः परवाना घेऊन यावे आणि संच व काडतुसे आपल्याकडून प्रत्यक्ष ताब्यात घेऊन जावे. कुरिअरने पाठवू नये, ड्रायव्हर किंवा पुतण्याच्या हाती देऊ नये, आणि आपणही एकटे ते घेऊन रस्त्यावर निघू नये. कलम ३ च्या परंतुकात परवाना नसलेल्या व्यक्तीला शस्त्र नेण्याची जी मर्यादित मुभा आहे, ती परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर आणि ठरावीक कारणांसाठीच आहे. संच कोणाच्याच परवान्यावर नसेल, तर प्रकरण गंभीर आहे. अशा वेळी फौजदारी कामाचा अनुभव असलेल्या स्थानिक वकिलांना आपला परवाना प्रत्यक्ष दाखवून, त्यांच्यासमवेत लेखी अर्जासह वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याचा विचार करावा. घाबरून असली वस्तू गोदापात्रात सोडून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने मूळ गुन्हा पुसला जात नाही, उलट पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक आरोप वाढतो.

त्यानंतर सरळ मार्ग उरतो, आणि तो वेळखाऊ असला तरी अवघड नाही. आपण शहरात राहता, म्हणून आपले परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत. निफाड किंवा सिन्नरच्या वाचकाने जिल्हाधिकारी कार्यालयात जावे. आपल्या अर्जात संचाची बनावट, बॅरल व बोल्टवरील क्रमांक, बोअर, ज्यांच्याकडून घ्यायचा त्यांचा परवाना क्रमांक आणि युनिक ओळख क्रमांक, तसेच तो कोणत्या स्पर्धा प्रकारासाठी हवा आहे, हे सर्व द्यावे. क्लबचे सदस्यत्व आणि स्पर्धांची प्रमाणपत्रे जोडावीत. सेंटर फायर हा ऑलिंपिकमधील प्रकार नसल्याने काही लिपिकांना तो नावानेही माहीत नसतो. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले होते, तर राही सरनोबत यांचे २०१८ चे आशियाई सुवर्ण ०.२२ च्या पिस्तुलावरचे होते, एवढा फरक अर्जात एका वाक्यात स्पष्ट केल्यास दुसरे बोअर कशाला हवे हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

प्राधिकाऱ्यांनी संच स्वतंत्र शस्त्र म्हणून धरला, तर संख्येचा मुद्दा येईल. २०१९ पासून सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. खेळाडूंसाठी सवलत वेगळी आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे नामांकित नेमबाजाला एका प्रकारासाठी ८, दोन प्रकारांसाठी १० आणि त्याहून अधिक प्रकारांसाठी १२ शस्त्रांपर्यंत मुभा आहे, तर होतकरू नेमबाजाला दोन. आपण कोणत्या वर्गात मोडता हे आपण लिहिलेले नाही. ते आधी संघटनेकडून लेखी घ्यावे, आणि घरी स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर असेल तर ते खेळाडूंच्या या सवलतीत नव्हे, सर्वसाधारण दोन शस्त्रांच्या मर्यादेत धरावे.

विक्रीच्या बाजूने मित्रांचेही एक काम आहे आणि तेच बहुतेक जण विसरतात. खासगी वापराचे शस्त्र दुसऱ्याला विकण्यापूर्वी कलम ५ च्या पोटकलम (२) प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते, आणि त्या सूचनेनंतर किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय हस्तांतरण करता येत नाही. त्यांनी सूचना द्यावी आणि पोच आपल्याला दाखवावी. पैशांचा व्यवहार तोवर थांबवावा, निदान विसार म्हणून दिलेल्या रकमेची पावती हस्तांतरणाच्या अटीसह लिहून घ्यावी.

अर्ज नामंजूर झाला तर कारणे लेखी मागावीत. कलम १८ खाली अपील करता येते आणि कारणाविना दिलेला नकार अपिलात टिकवणे प्रशासनाला अवघड जाते. मंजूर झाला तर नोंद हाती आल्यावर ती लगेच वाचून पाहावी, कारण बोअर लिहिले जाते पण ०.३२ च्या काडतुसांची संख्या लिहायची राहते, असे होते. ती संख्या नसेल तर परवानाधारक विक्रेता आपल्याला एकही काडतूस देणार नाही, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच खिडकीवर जावे लागेल.